बोट सरकलं तिथून

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक. लंकेचं युद्ध संपलंय, राज्याभिषेक झालाय, सीतेला दिवस गेलेत. जनक नुकताच मिथिलेला परतल्याने ती उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून रामाच्या आयुष्यातले प्रसंग चित्रांत रंगवून घेतलेत आणि लक्ष्मण दोघांना एकेक चित्र दाखवत चाललाय. लग्नाचं चित्र येतं. लक्ष्मण सांगू लागतो: या आपण, या मांडवीवहिनी, ही श्रुतकीर्ती. चौथी एक उरते. सीता विचारते, आणि ही कोण? लक्ष्मण लाजतो आणि बोट पुढे सरकवतो, परशुरामाच्या चित्राकडे.

चौथी ऊर्मिला. त्याचीच बायको.

यात दीर-भावजयीची गोड थट्टा आहे, ती मलाही आवडते. पण दर वेळी वाचताना मी त्या चौथ्या आकृतीपाशी अडून राहतो. चौदा वर्षं तिने अयोध्येत कशी काढली, हे त्या चित्रमालेत कुठेच नाही. चांगली पूर्वकथा मला वाटतं अशाच जागी सुरू होते, जिथून पहिल्या सांगणाऱ्याचं बोट सरकलं.

०

‘प्रीक्वेल’ हा शब्द मराठीत आता रुळला. आपला ‘पूर्वकथा’ही चालतो. एखाद्या गोष्टीच्या आधी घडलेली, पण तिच्यानंतर लिहिलेली गोष्ट. घडण्याचा क्रम एक आणि सांगण्याचा उलटा. माणसं आपल्याला भेटतात तीही याच क्रमाने. शेजारी राहायला आलेले काका आधी भेटतात, त्यांचं गाव, त्यांची फाळणी झालेली भावंडं, बंद पडलेली गिरणी हे सगळं मागाहून कळतं.

०

रामायणात रावणाची गोष्ट कधी सांगितली जाते? रावण मेल्यावर.

उत्तरकांडात राम सिंहासनावर बसलाय. ऋषी अभिनंदनाला आलेत आणि ते इंद्रजिताच्या वधाचं विशेष कौतुक करतात. रामाला नवल वाटतं. रावणापेक्षा त्याच्या मुलाचं एवढं काय? तेवढ्या प्रश्नावरून अगस्त्य सुरुवात करतात. पुलस्त्य, विश्रवा, कैकसी, रावणाचं तप, कुबेराची लंका, नंदीचा शाप, वेदवतीने घेतलेली आग. मारुतीचं बालपण, सूर्याकडे घेतलेली झेप आणि हनुवटीवर बसलेलं वज्र हेही तिथेच येतं.

बालकांड आणि उत्तरकांड मूळ काव्याला मागाहून जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे लोकांनी युद्धाची गोष्ट ऐकली, आणि मग त्यांनाच राहवेना. हा रावण आला कुठून, हे त्यांना हवं होतं. उत्तर देणाऱ्याने ते सांगायला श्रोता निवडला तो राम. ज्याच्या बाणाने रावण पडला, त्यालाच रावणाचं लहानपण ऐकायला बसवलं.

०

महाभारतात कर्णाचं तेच.

युद्ध संपल्यावर गंगेकाठी तिलांजली चालू आहे. कुंती पांडवांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदांपाशी मन मोकळं करतो. त्यात एक तपशील आहे. द्यूतसभेत कर्ण टोचून बोलत होता तेव्हा युधिष्ठिराची नजर त्याच्या पावलांवर गेली आणि राग ओसरला. ती पावलं कुंतीसारखी होती. हे साम्य का, याचा त्याने तेव्हा पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं नाही.

मग नारद कर्णाची पूर्वकथा सांगतात. परशुरामाचा शाप, गाय मारली म्हणून ब्राह्मणाने दिलेला शाप, सगळं. ऐकून होतं, आणि युधिष्ठिर समस्त स्त्रियांना शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. इतक्या मोठ्या दुःखातून इतका लहान शाप निघावा, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. कुंतीला त्या वयात कुणी काही विचारलं असतं तर, हा प्रश्न त्याला सुचला नाही.

पण पावलांचा तपशील विसरता येत नाही. पूर्वकथेने नवं काही घडवायचं नसतं. आधी दिसून गेलेल्या गोष्टीकडे पुन्हा बघायला लावायचं असतं.

०

जनमेजय सर्पसत्र करतोय. तक्षकाने त्याच्या बापाला, परीक्षिताला, दंश केला म्हणून. यज्ञाच्या मधल्या वेळात तो वैशंपायनांना म्हणतो, माझ्या पूर्वजांचं भांडण कसं झालं ते सांगा. वैशंपायन आधी सगळं थोडक्यात सांगून टाकतात, शेवटासकट. जनमेजय म्हणतो, एवढ्याने भागत नाही, सविस्तर सांगा.

सविस्तर गोष्टीत पुढे खांडववन येतं. अर्जुन आणि कृष्ण वन जाळतात, बाहेर पडू पाहणारे जीव मारले जातात, तक्षकाची बायको पोराला वाचवताना अर्जुनाच्या बाणाने मरते. अर्जुन हा जनमेजयाचा पणजा. सापांना जाळणाऱ्या राजाला हे ऐकावं लागतं की पहिली आग आपल्या घरातून लागली होती.

तीन ऐकणारे झाले. राम, युधिष्ठिर, जनमेजय. तिघेही जिंकलेले किंवा जिंकत असलेले, तिघांनीही शिक्षा आधीच देऊन टाकलेली. आपल्या जुन्या कवींनी पूर्वकथा नेमकी यांच्यासाठी राखून ठेवली, हे मला त्यांच्या थोरवीचं लक्षण वाटतं. मेलेला माणूस परत येत नाही. पण ऐकणारा उठतो तेव्हा बसला होता तसा राहत नाही.

०

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.’ आपली म्हण पूर्वकथेला सरळ मनाई करते. आणि महाभारत रचणाऱ्या व्यासांनी स्वतःचं कूळ पोथीतच लिहून ठेवलं. आई होडी चालवणारी, कोळ्यांच्या राजाने वाढवलेली. बाप पराशर. जन्म यमुनेच्या बेटावर. म्हण लोकांची अब्रू जपायला जन्मली असेल. व्यासांना अब्रू जपायची गरज वाटली नाही.

०

शेवट माहीत असताना गोष्ट कशाला ऐकायची?

कीर्तनाला बसलेल्या बाईला विचारा. हरिश्चंद्राचं आख्यान तिने तीसेकदा ऐकलेलं असतं. रोहिदास उठून बसणार हे तिला बुवांच्या आधी ठाऊक असतं. तरी तारामती स्मशानात पोराचं प्रेत घेऊन येते तेव्हा तिचा पदर डोळ्याला जातो. ‘काय होणार’ ही टोचणी गेली की माणूस ‘कसं झालं’ याकडे मोकळेपणी बघतो. पूर्वकथेची सगळी ताकद या मोकळेपणात आहे.

०

झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मरणापासून. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, मालवणी बोली, जमलेली मुलंसुना, आणि नसलेल्या अण्णांची भीती. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते मागे गेलं. अण्णा जिवंत. माधव अभ्यंकर ओसरीवर बसून नुसते बघायचे आणि घरातली भांडी वाजायची थांबायची.

आमच्या घरी पहिलं पर्व भुतासाठी बघितलं गेलं आणि दुसरं माणसांसाठी. अण्णा जाणार हे ठाऊक होतं, तरी माई ताट वाढायला वाकल्या की जीव वर-खाली व्हायचा. आणि शेवंता. पहिल्या पर्वात ती मागल्या काळातली बाई होती, घराला लागलेला डाग. अपूर्वा नेमळेकरने साकारलेल्या शेवंताला दुसऱ्या पर्वात हसू होतं, हट्ट होता, आरशासमोरचा वेळ होता. गावागावांत बायका तिच्याविषयी अशा बोलायच्या की जणू पलीकडच्या वाडीत राहते. डागाला तोंड मिळालं की लोक बघायला थांबतात.

०

सोफोक्लिसचं ‘अँटिगनी’ रंगभूमीवर आधी आलं. तिच्या बापाची, राजा इडिपसची गोष्ट त्याने त्यानंतर काही वर्षांनी लिहिली. मुलीचं मरण आधी, बापाचा गुन्हा मागाहून. आणि बाप म्हातारा होऊन कोलोनसला विसावतो ते नाटक कवीच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी ४०१ साली, उभं राहिलं. त्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला घेऊन येते ती हीच मुलगी. अथेन्सच्या प्रेक्षकांनी तिला मरताना पाहून चाळीस वर्षं झाली होती.

०

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, ज्ञानपीठ १९७४ चं. आपण ती कामाची आणि भोगाची कादंबरी म्हणून वाचतो. एकदा महाभारताची पूर्वकथा म्हणून वाचावी. ययातीचा एक मुलगा यदू, त्याच्या वंशात कृष्ण. धाकटा पुरू, त्याच्या वंशात कुरू आणि मग शंतनू.

बापाला तरुणपण हवं म्हणून पुरूने स्वतःचं दिलं. कित्येक पिढ्यांनी त्याच घरात शंतनूला सत्यवती हवी होती, आणि देवव्रताने आपलं सगळं तरुणपण बाजूला ठेवलं. आपण त्याला भीष्म म्हणतो, हात जोडतो. पुरूची गोष्ट आधी वाचली असली की हात जोडताना थोडा वेळ लागतो. त्या घरात मुलांनी आयुष्य द्यायचं आणि बापांनी ते घ्यायचं ही रीत पडून गेली होती. शंतनूने मागितलं नाही. तो नुसता उदास बसला. एवढंही पुरलं, कारण रीत जुनी होती.

०

अजिंठ्याचं १० वं लेणं. हीनयान काळातलं, उंच कमानीचं चैत्यगृह. भिंतीवरची चित्रं काळवंडलीत, ठिकठिकाणी पोपडे गेलेत. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, मग हत्तींचा कळप दिसू लागतो. छद्दंत जातक. १७ व्या लेण्यातही हेच जातक पुन्हा आहे.

जातकं म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, पाली संग्रहात ५४७. प्रत्येकीची बांधणी ठरलेली. आधी आजचा प्रसंग, मग त्यावरून सांगितलेली गतजन्मीची गोष्ट, आणि शेवटी जोडणी: तेव्हाचा अमुक तो आजचा तमुक. इतकी पद्धतशीर पूर्वकथा जगात दुसरीकडे मी पाहिली नाही.

छद्दंतातला आजचा प्रसंग असा. श्रावस्तीत एक तरुण भिक्षुणी बुद्धाचं प्रवचन ऐकतेय. तिला अचानक आठवतं की मागे एका जन्मी आपण याची बायको होतो. ती आनंदाने हसते. मग पुढचं आठवतं, आणि ती सगळ्यांसमोर रडू लागते.

पुढचं असं. सहा सुळ्यांचा हत्ती, त्याच्या दोन राण्या. एकदा फुललेल्या शालवृक्षाला त्याने धडक दिली. थोरलीच्या अंगावर फुलं आणि पराग पडले. धाकटी उभी होती त्या बाजूला सुक्या काटक्या, वाळकी पानं आणि लाल मुंग्या पडल्या. वारा तसा होता. तिच्या मनात मात्र ते रुतलं. पुढच्या जन्मी ती काशीची राणी झाली आणि शिकारी पाठवून तिने त्याचे सुळे मागवले. शिकाऱ्याला ते कापता येईनात, तेव्हा हत्तीने स्वतः करवत धरली. सुळे राणीपुढे आले, आणि ते बघून तिचं हृदय फुटलं.

मुंग्या पडल्या म्हणून जन्मभर, जन्मापलीकडेही, अढी. हसू येण्याजोगं कारण. पण ज्या घरात कुणाला कायम काटक्याच मिळाल्यात, त्या घरातल्या माणसाला हसू येणार नाही. ज्याने हे जातक रचलं त्याला बायकांच्या मनातलं काहीतरी नक्की ठाऊक होतं. आणि सांगणारा, ज्याचे सुळे गेले तो, ही गोष्ट तिला शिक्षा म्हणून सांगत नाही.

१० व्या लेण्यातल्या खांबावर १८१९ साली तिथे पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव खरवडलेलं आहे, रंगवलेल्या आकृतीवरच.

०

घर आवरताना माळ्यावरून एक पितळी डबा निघाला. कल्हई कधीच गेलेली, कड चेपलेली. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. जुन्या काळी भांडी घेतली की दुकानातच नाव घालून द्यायचे, तसं. आडनाव आजीच्या माहेरचं. नाव मात्र आमच्या घरात कुणाचंच नव्हतं.

वडील बराच वेळ डबा हातात धरून होते. मग म्हणाले, “आईचं असेल. लग्नाआधीचं.” त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला न विचारता ते एकदा पुसलं गेलं. तिला न विचारता मी ते छापू नये.

०

जीन ऱ्हीस ही लेखिका १८९० साली कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर जन्मली, सोळाव्या वर्षी इंग्लंडला आली. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७) तिने वाचली आणि तिला तिथली माळ्यावरची बाई सोडेना. रॉचेस्टरची पहिली बायको, बर्था. वेडी, जमेकातून आणलेली, थॉर्नफिल्डच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली. ब्राँटीने तिला जनावरासारखी रांगताना दाखवली, घराला आग लावायला दिली आणि गच्चीवरून खाली टाकलं. त्यामुळे जेनचं लग्न होऊ शकलं.

ऱ्हीस त्या बेटांवरची. तिला माहीत होतं की ती बाई कुणाची तरी मुलगी होती, तिच्या बागेत झाडं होती. १९३९ नंतर तिची एकही कादंबरी आली नव्हती, पुष्कळांना ती मेलीच असं वाटत होतं. १९६६ साली, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, तिची ‘वाइड सारगॅसो सी’ आली. दीडशे-दोनशे पानांची कादंबरी. ती वाचल्यावर ‘जेन एअर’मधल्या माळ्यावरून येणारं हसू पहिल्यासारखं ऐकू येत नाही. ब्राँटीच्या पुस्तकातला एक शब्दही बदललेला नसताना.

०

त्या कादंबरीत तिचं नाव बर्था नाही. आंत्वानेत. बर्था हे नाव नवरा देतो, कारण मूळ नाव उच्चारलं की त्याला तिची आई आठवते. ती म्हणते हे माझं नाव नाही. तो तेच वापरतो. आणि ऱ्हीसने त्या नवऱ्याला संपूर्ण कादंबरीत नावच दिलं नाही. तो रॉचेस्टर हे आपण समजून घ्यायचं.

हे वाचताना मला ताटातले तांदूळ आठवले. नवरा अंगठीने त्यात नाव लिहितो, पेढे वाटले जातात, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं, टाळ्या. मग ताट उचललं जातं आणि मुलीचं अठरा-वीस वर्षांचं नाव तांदळाबरोबर आत जातं.

पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरांपैकी आनंदीबाई जोशी. माहेरी यमुना. रमाबाई रानडे. माहेरी यमुना. एकाच पिढीत दोन यमुना पुसून आनंदी आणि रमा झाल्या. वृत्तपत्रं अजूनही ‘पूर्वाश्रमीची’ असं लिहितात. हा शब्द संन्याशासाठीचा. संन्यासी निदान स्वतःहून सोडतो.

०

‘वाइड सारगॅसो सी’मधला पोपट. आंत्वानेतच्या आईचा, हिरवा. सावत्र बापाने त्याचे पंख छाटलेत. गुलामगिरी कायद्याने संपलेली आहे, पण मोकळे झालेले लोक तसेच उपाशी आणि मळेवाल्यांचा राग धरून. एका रात्री ते घराला आग लावतात. कुटुंब बाहेर पळतं. पोपट वरच्या कठड्यावर अडकलाय. तो झेप घ्यायला बघतो, छाटलेले पंख धरत नाहीत, आणि तो पेटलेला खाली येतो.

शेवटी आंत्वानेत इंग्लंडमधल्या त्या घराच्या छपरावर उभी असते, मागे आग. वाचकाला पोपट आठवतो. बर्था गच्चीवरून पडली हे ‘जेन एअर’ने कधीच सांगून ठेवलंय. आता आपल्याला पंख कुणी छाटले ते ठाऊक असतं.

०

एक प्रामाणिक नोंद हवी. ऱ्हीसच्या कादंबरीत क्रिस्तोफीन आहे. मार्तिनिकची, काळी, पूर्वी लग्नात आहेर म्हणून दिलेली गुलाम. नवऱ्यासमोर उभं राहून त्याला खडसावणारी ती एकटीच. तेवढं बोलते आणि कादंबरीतून निघून जाते, पुन्हा येत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८५ साली याच जागेवर बोट ठेवलं. जिने बर्थाच्या चित्रावर थांबायला शिकवलं, तिचंही बोट क्रिस्तोफीनवरून पुढे गेलं.

म्हणून ऱ्हीस लहान होत नाही. फक्त पुढचं काम शिल्लक आहे असं कळतं.

०

क्रम कोणता धरावा? सी. एस. लुईसच्या नार्निया-कथांमधलं पहिलं पुस्तक १९५० चं. लहान मुलगी कपाटातून जाते ती बर्फातल्या जंगलात, आणि तिथे मधोमध रस्त्यावरचा दिव्याचा खांब पेटलेला. तिथे कसा, कुणी लावला, काही नाही. १९५५ च्या सहाव्या पुस्तकात उत्तर येतं: लंडनमधल्या खांबाचा तुटलेला लोखंडी दांडा नव्या जगाच्या मातीत पडला आणि झाडासारखा वाढला.

पुढे प्रकाशकांनी घटनाक्रमाप्रमाणे सहाव्याला पहिला क्रमांक दिला. मुलांना वाचायला देताना मी तो मानत नाही. आधी बर्फातला दिवा दिसू दे. प्रश्न पडायच्या आधी उत्तर हातात दिलं की ते नुसती माहिती होऊन पडून राहतं.

०

पूर्वकथा फसते तीही इथेच. १९८९ च्या इंडियाना जोन्स चित्रपटाच्या सुरुवातीला नायकाचं कुमारवय येतं. एका आगगाडीवरच्या पळापळीत त्याला चाबूक मिळतो, हनुवटीवर वण पडतो, सापांची भीती बसते, आणि लगेच टोपीही डोक्यावर येते. बघताना मजा येते. पण माणूस असा एका दुपारी पुरा होत नाही. सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकल्या की आधीच्या गोष्टीचा श्वास कोंडतो. काही जागा रिकाम्या ठेवण्यात त्या माणसाचा मान असतो.

०

हे आपल्याकडे महानुभावांनी जाणलं होतं. चक्रधर स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्याचं ‘लीळाचरित्र’ झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातला. त्याचे भाग तीन: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. एकांक म्हणजे शिष्य भोवती जमण्याआधीच्या एकट्या भ्रमंतीच्या लीळा. त्या काळाला साक्षीदार नाही. स्वामींनी स्वतः कुणाला काही सांगितलं असेल तेवढंच.

‘एकांक’. आधीच्या आयुष्याला याहून नेमकं नाव मला माहीत नाही. आपण सोबत असायच्या आधी ते माणूस एकटं होतं. तेवढा भाग त्याच्या तोंडून आला तरच आपला. म्हाइंभटांनी तो वेगळा ठेवला, बाकीच्यात मिसळू दिला नाही.

०

पुन्हा भवभूती. विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे आपल्याच मातीतला. ते चित्रदर्शन पुढे कुठे जातं? जुनी चित्रं बघता बघता सीतेला वनाची ओढ लागते. एकदा पुन्हा त्या अरण्यात जावं, गंगेत उतरावं, असं ती सांगते. डोहाळेच ते, राम हो म्हणतो, लक्ष्मणाला रथ आणायला पाठवतो. ती थकून रामाच्या हातावर झोपते. तेवढ्यात दुर्मुख लोकापवाद घेऊन येतो. रथ तयारच असतो.

मागच्या चित्रांनीच पुढचा रथ जोडून दिला. सीता मात्र निघताना आनंदात आहे. तिला वाटतं आपण आठवणींकडे चाललोय.

०

वडिलांचे मामा, आमचे मामाआजोबा, गेल्या वर्षी घरी आले होते. वय नव्वदीच्या घरात, कान बरेच गेलेले. मी पितळी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटा केला, अंगठ्याने ठिपके चाचपले आणि ते नाव मोठ्याने वाचलं. त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

“आमची अक्का,” म्हणाले. “डोहात उडी घ्यायची ती. कृष्णेला पाणी चढलं की वरच्या दगडावरून. आम्ही पोरं खाली उभं राहून बघायचो. बाबा ओरडायचे, पण ती ऐकायची नाही.”

आमची आजी पाण्याला भ्यायची. मागल्या अंगणातल्या विहिरीपाशी ती आयुष्यात फिरकली नाही. पाणी आजोबा काढायचे, मग वडील, मग आम्ही. ती दहा पावलांवर कळशी ठेवून उभी राहायची. आम्ही नातवंडं तिला भित्री आजी म्हणायचो. रहाटाशी मुद्दाम वाकून दाखवायचो. ती हाका मारायची, आणि आम्ही हसायचो.

मध्ये काय झालं? मी मामाआजोबांना विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, ते डबाच बघत राहिले. वडिलांना ठाऊक नाही. सांगू शकणारं आता कुणी नाही. तर्क करता येतात, मी केलेही, आणि पुसून टाकले. तो तिचा एकांक.

आता एवढंच होतं की विहिरीपासून दहा पावलांवर उभी असलेली आजी आठवली, की मी तिच्या पावलांकडे बघतो. कळशी खाली ठेवलेली आहे, दोन्ही हात मोकळे आहेत, आणि टाचा जमिनीपासून जराशा उचललेल्या आहेत. हे मला तेव्हाही दिसलं होतं. आम्ही ते भीती म्हणून मोजलं.